साइटवरचा रेडिओ: आधी बॅटरी, मग सेटिंग, स्क्रूड्रायव्हर शेवटी

वाचकांच्या पत्रांत या खेपेला मिक्सर आणि पंखे मागे पडले, रेडिओ पुढे आला. तोही घरातला नव्हे, बांधकामाच्या साइटवरचा. चारी बाजूंनी रबर, वर पिंजऱ्यासारखी दांडी, मागे ड्रिल मशीनचीच बॅटरी सरकवायची, आणि माळ्यावरून पडला तरी गाणं थांबत नाही अशी ख्याती. आपल्याकडे हा माल दुकानात क्वचित दिसतो. येतो तो गल्फमधून, बोटीवरच्या मेव्हण्याच्या बॅगेतून, नाहीतर इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झालेल्या भाच्याकडून. निम्म्या तक्रारी तिथेच जन्माला येतात. म्हापशाच्या माझ्या दुकानात असा रेडिओ आला की मी पहिल्यांदा विचारतो, "कुठल्या देशातून आणला?" गिऱ्हाईक चमकतं. बिघाड सांगायला आलेल्या माणसाला त्याचा इतिहास कशाला हवा, असं त्याला वाटतं. पहिलंच पत्र वाचा, म्हणजे कळेल.

बोटीवर असलेल्या मेव्हण्यानं अमेरिकेत घेतलेला साइट-रेडिओ मला दिला. ९२.७, ९८.३ खणखणीत लागतात, पण आकाशवाणीचं १०५.४ काही केल्या लागत नाही. १०५.३ वर फाटलेला आवाज, १०५.५ वरही तसाच. मिडियम वेव्हवर पणजी तर नाहीच. अँटेना बदलू का?
(बांधकाम कंत्राटदार, पर्वरी)

अँटेनाला हात लावू नका. तुम्हीच लिहिलेले आकडे पुन्हा बघा. जी लागतात त्यांच्या शेवटी सात आणि तीन, जे लागत नाही त्याच्या शेवटी चार. अमेरिकेत एफएमची स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत आणि ती सगळी विषम आकड्यावर संपतात. त्या देशासाठी बांधलेला रेडिओ १०५.३ वरून सरळ १०५.५ वर उडी मारतो. मधलं १०५.४ त्याच्या हिशेबात अस्तित्वातच नाही. मिडियम वेव्हचंही तेच. तिकडे टप्पा १० किलोहर्ट्झचा, आपल्याकडे ९ चा. पणजीचं १२८७ नऊच्या पाढ्यात बसतं, दहाच्या पाढ्यात नाही. तुमचा रेडिओ १२८० वर थांबेल, १२९० वर थांबेल आणि पणजीला वगळून जाईल.

उपाय मेन्यूत आहे, असला तर. 'रीजन', 'एरिया' किंवा 'ट्यूनर स्टेप' अशा नावाची सेटिंग शोधा आणि ती युरोप किंवा आशिया करा. काही मॉडेलमध्ये ती मेन्यूत दिसत नाही. रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरून चालू करावा लागतो. कोणतं बटण, ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तकातच बघा. मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो, बॅटरी काढली की दिसतो. दिसतील ती बटणं दाबत बसू नका, सेट केलेली स्टेशनं पुसून जातात. काही सेटमध्ये देश कारखान्यातच पक्का केलेला असतो. तसा निघाला तर मोबाइलवर 'न्यूज ऑन एअर' ॲप लावून त्यावरून पणजी ऐकायची. ब्लूटूथ किंवा ऑक्सची (मोबाइलचा आवाज रेडिओत नेणारी) वायर आहेच.

तुम्ही न विचारलेली पण जास्त महत्त्वाची गोष्ट: त्याचा चार्जर आणि ॲडॉप्टर भिंतीत लावण्याआधी 'इनपुट' काय लिहिलंय ते वाचा. १००-२४० असेल तर निर्धास्त लावा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० वर तो काही क्षणांत धूर काढतो, आणि मग माझ्याकडे येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बॅटरीला स्वतःला देश नसतो. तिकडे २० व्होल्ट छापलेली बॅटरी आणि इकडची १८ व्होल्टची, आत बहुधा तेच पाच सेल असतात. भरलेल्या स्थितीतला आकडा छापायचा की सरासरी, एवढाच फरक. म्हणून २० वाली मोठी समजून जास्त पैसे मोजू नका. मात्र खाचा कंपनीगणिक वेगळ्या असतात, ठोकून बसवायला जाऊ नये.

मुलानं इंग्लंडहून वडिलांच्या वर्कशॉपसाठी रेडिओ पाठवला. चालू केला की बराच वेळ स्कॅन करतो आणि 'शून्य स्टेशन' म्हणतो. पार्सलमध्ये आपटला असेल का?
(एक भगिनी, मडगाव)

नाही हो ताई, रेडिओ धडधाकट आहे. तो डीएबी नावाचं युरोपातलं डिजिटल प्रसारण शोधतोय आणि ते आपल्या देशात नाही. आकाशवाणीनं मिडियम वेव्हवर डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली. दोन्ही एकमेकांची भाषा जाणत नाहीत. 'मोड' किंवा 'सोर्स'चं बटण एफएम येईपर्यंत दाबा. इंग्लंडचा व्होल्टेज आपल्यासारखाच, त्यामुळे ॲडॉप्टर जळण्याची भीती नाही. फक्त त्याचा प्लग तीन चपट्या पिनांचा, त्याला चांगला कन्व्हर्टर प्लग घ्या. काडीनं वरचं भोक दाबून प्लग घुसवायची कला वर्कशॉपात सर्रास चालते, ती चालवू नका.

आमच्या ट्रॉलरवर असाच एक रेडिओ आहे. मासेमारी बंदीत बोट मालीमच्या जेटीला बांधलेली होती. ऑगस्टमध्ये सुरू करायला गेलो तर रेडिओ मेलेला, बॅटरी चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकतो. मागच्या पट्ट्या हिरव्या पडल्यात. एकानं सांगितलं, चांगल्या बॅटरीतून वायर जोडून थोडा करंट दे, उठेल.
(तांडेल, बेती)

तो एकजण तुमचा मित्र असेल, पण त्याचं ऐकू नका. आधी बॅटरी का मेली ते सांगतो. रेडिओचा स्विच बंद केला म्हणजे तो पूर्ण बंद झाला असं नसतं. आतलं घड्याळ आणि स्टेशनांची आठवण जागी असते, आणि ती थेंब थेंब करंट पीत राहते. १ जून ते ३१ जुलै बॅटरी रेडिओतच राहिली की पाचही सेल खाली खाली जातात. लिथियमचा सेल अडीच व्होल्टच्या खूपच खाली जाऊन बराच काळ पडून राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुढे चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जरला हे ठाऊक असतं म्हणून तो लाल दिवा दाखवून नकार देतो. दोन वायरी जोडून तुम्ही त्या नकाराला बगल देता. डिझेल, जाळी आणि फायबरच्या बोटीवर लिथियमची आग म्हणजे काय, हे तांडेलाला मी सांगायला नको.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर लावा. रेंज २०० व्होल्ट डीसीची ठेवा. पूर्ण भरलेली अशी बॅटरी २१ व्होल्टपर्यंत जाते आणि २० च्या रेंजवर मीटर नुसता '१' दाखवून बसतो. मग लोक चांगली बॅटरी फेकून देतात. तुमच्या बॅटरीवर १२ च्या खाली आकडा आला तर तिचा विचार सोडा आणि ती भंगारवाल्याला न देता बॅटरी घेणाऱ्या दुकानात परत करा. पुढच्या बंदीला बॅटरी काढून, अर्धवट चार्ज ठेवून, घरी सुक्या जागी ठेवायची.

आता हिरव्या पट्ट्या. हा खाऱ्या हवेचा प्रताप, पितळेवर मीठ आणि ओल बसली की असं होतं. बॅटरी आणि ॲडॉप्टर दोन्ही काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे किंवा मोबाइल रिपेअरच्या सामानाच्या दुकानात मिळतं) आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. हट्टी डाग पेन्सिलच्या खोडरबरानं जातो. पॉलिश पेपर लावू नका. पट्टीवरचा निकेलचा पातळ थर निघाला की पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट वेगानं सडते. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच, प्लॅस्टिक चिरतं. पट्टी आत दबली असेल तर बारीक पक्कडीनं किंचित वर उचला. बॅटरी हलली की रेडिओ बंद पडतो ही तक्रार बहुतेक वेळा या दबलेल्या पट्टीचीच असते. शेवटी सिलिकॉन ग्रीसचं नखभर बोट फिरवा, पट्ट्यांवर आणि झाकणाच्या रबरावरही. ते रबर सुकून चिरलं की आयपी५४ की आयपी६४ हा धूळ-पाणी अडवण्याचा आकडा छापलेला राहतो, पाणी मात्र आत जातं. तसंही हे आकडे उडणाऱ्या पाण्यापुरते असतात, बुडण्यासाठी नव्हेत. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं रेडिओ पुसायची खलाशांना सवय लावा.

आणि एक. तुमच्या पत्रात 'वादळाची खबर यावर ऐकतो' असंही आहे. आकाशवाणीच्या बातम्यांपुरतं ठीक. पण बोटींचं संकटाचं चॅनल १६ हे १५६.८ मेगाहर्ट्झवर चालतं आणि हा रेडिओ १०८ ला संपतो. तुमचा व्हीएचएफ सेट (बोटीचा वायरलेस) नीट आहे ना, ते आधी बघा.

चिरे कापायच्या मशीनजवळ रेडिओ लावला की नुसती करवत चालल्यासारखी खरखर. शिवाय मोबाइल जोडून गाणी लावली तर मशीन बंद असतानाही बारीक शिट्टी ऐकू येते.
(डिचोली)

हे दोन वेगळे रोग आहेत. खरखरीसाठी रेडिओ ॲडॉप्टरवरून काढून बॅटरीवर चालवा. थांबली तर ती वायरीतून येत होती: जनरेटर, सोबत लावलेला चार्जर, स्वस्तातला एलईडी फोकस. प्रत्येक वस्तू एकेक करून बंद करा, चोर सापडतो. बॅटरीवरही राहिली तर ती हवेतून येतेय आणि बहुतेक करून ग्राइंडर-कटरच्या कार्बन ब्रशातून. ब्रश झिजला की ठिणग्या वाढतात आणि ठिणगी म्हणजे छोटं प्रसारण केंद्रच. ग्राइंडरच्या खिडकीतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसत असेल तर ब्रशची जोडी बदला. खर्च किरकोळ, मशीनचं आयुष्यही वाढेल. मिडियम वेव्हला याचा त्रास एफएमपेक्षा जास्त, कारण तिथे आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगी नेमकी त्या उंचीशीच खेळते. क्रिकेट ऐकायचंच असेल तर रेडिओ मशीनपासून लांब न्या.

शिट्टीचं कारण असं की तुम्ही मोबाइल रेडिओच्याच यूएसबीवर चार्जिंगला लावता आणि ऑक्सची वायरही जोडता. ग्राउंडच्या (करंट परतायच्या) दोन वाटा तयार होतात आणि चार्जिंगचा गोंगाट गाण्यात शिरतो. चार्जिंगची वायर उपटून बघा, शिट्टी त्याच क्षणी थांबेल. एक तर मोबाइल दुसरीकडे चार्ज करा, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑक्सच्या वायरीत घाला.

काका, मी वेर्ण्याला एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये आहे. आमच्या साइट-रेडिओचं ब्लूटूथ सारखं तुटतं. फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर ठीक होईल म्हणतात. पेन ड्राइव्ह लावला तर तो वाचतच नाही. अपडेट कसं करू?

बाळा, आधी अपडेट आहे का ते बघ. हल्ली प्रत्येक दुखण्यावर हे औषध सांगायची फॅशन आहे. साध्या साइट-रेडिओत अपडेट नावाचा प्रकारच नसतो. त्याचं यूएसबी फक्त ५ व्होल्ट देतं, मोबाइल चार्ज करायला, त्याला पेन ड्राइव्ह कळत नाही. तुझं पत्र वाचून मला तरी तेच वाटतंय. मेन्यूत 'सॉफ्टवेअर व्हर्जन' किंवा 'सिस्टिम इन्फो' आहे का बघ. नसेल तर विषय संपला.

ब्लूटूथ तुटण्याचं कारण साइटवर बऱ्याचदा निराळंच निघतं. रेडिओ शेवटी जोडलेल्या मोबाइलची वाट बघत असतो. शेडपलीकडे सुपरवायझर आला, त्याचा फोन त्यानं पकडला, तुझं गाणं गेलं. रेडिओतली सगळी जुनी नावं पूस, फोनमधूनही रेडिओचं नाव 'विसर' म्हणून काढून टाक, मग एकच फोन जोड. आणि रेडिओ लोखंडी कपाटावर ठेवू नकोस, पत्र्यामागे ब्लूटूथ गुदमरतं.

तुझा सेट खरोखरच वाय-फायवाला निघाला तर अपडेट कामाचं आहे. इंटरनेट रेडिओत स्टेशनांची यादी एका सर्व्हरवरून येते. तो सर्व्हर बदलला की जुना सेट एके दिवशी मुका होतो आणि अपडेटनंच बोलता होतो. तेव्हा हे पाळ. आधी सेट केलेल्या स्टेशनांचा फोटो काढून ठेव, कारण अपडेटनंतर बऱ्याचदा फॅक्टरी रीसेट करावं लागतं, न केल्यास जुन्या सेटिंगचं भूत राहतं. ॲडॉप्टर लाव आणि भरलेली बॅटरीही आत ठेव. दोन्ही का, तर गोव्यात मे महिन्याच्या शेवटी ढग गडगडले की लाइट जाते, आणि अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली की रेडिओची वीट होते. मग ती माझ्याकडूनही उठत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करत असशील तर तो २.४ गिगाहर्ट्झवर आण. यातल्या बऱ्याच रेडिओंना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतच नाही आणि लोक पासवर्डला दोष देत बसतात.

पेन ड्राइव्हवरून अपडेट घेणारा सेट असेल तर ड्राइव्ह ३२ जीबीच्या आतला, फॅट३२ फॉरमॅटचा हवा. फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये नको, बाहेर उघडी हवी. नावात एक अक्षर बदलायचं नाही. तीच फाइल दोनदा डाउनलोड केली की कॉम्प्युटर नावापुढे कंसात '१' चिकटवतो. रेडिओला ते नाव अनोळखी वाटतं आणि तो गप्प बसतो. 'पेन ड्राइव्ह वाचतच नाही' हे यामुळेही घडतं. आणि फाइल कंपनीच्या साइटवरूनच, त्याच मॉडेलची, त्याच देशाच्या आवृत्तीची घे. यूट्यूबच्या खाली कोणी दिलेल्या लिंकवरची नको.

जुन्या सेटला ब्लूटूथच नसेल तर ऑक्समध्ये लागणारा छोटा रिसीव्हर घे. त्याची स्वतःची बॅटरी असलेला घे, नाहीतर डिचोलीवाल्यांची शिट्टी तुझ्याकडे येईल.

बॅटरी बदलली की घड्याळ आणि सगळी स्टेशनं पुसली जातात.
(सुतारकाम करणारे वाचक, सांखळी)

बॅटरीच्या खणात किंवा पाठीवर छोटं झाकण असेल, आत दोन पेन्सिल सेल असतात. ते संपलेत. नवे घाला. फुटून पांढरी पावडर पसरली असेल तर ती अल्कली आहे. काडीला कापूस गुंडाळून व्हिनेगरमध्ये बुडवा, घरातलं माडाचं चालेल. पावडर फसफसून विरघळली की अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण सुकू द्या. हात लावलेलं बोट डोळ्याला नको. पावसाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी हे सेल बदलत चला.

स्पीकरच्या जाळीत सिमेंट बसलंय, आवाज दबका येतो. पाण्यानं धुऊ का?
(गवंडीकाम, फोंडा)

पाणी घातलंत तर आत काँक्रीट ओताल. रेडिओ तोंड खाली करून धरा, मऊ ब्रशनं झाडा. काँप्रेसरची हवा जवळून मारू नका, स्पीकरचा कागद फाटतो.

आम्ही वाळपईजवळ घर बांधतोय. साइटवर १०५.४ खालच्या मजल्यावर येतच नाही, स्लॅबवर थोडं येतं. आजोबा म्हणतात, मुक्तीच्या आधी जंगलातलं चोरटं रेडिओ केंद्र गोव्यात ऐकू यायचं, मग आता पणजीच्या अल्तिनो टेकडीवरचं का नाही?
(विद्यार्थी, सत्तरी)

आजोबांना नमस्कार सांग. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालवलेलं ते मुक्तीचं केंद्र आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकहून बोलायचं. पण ते एफएम नव्हतं. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी डोंगराला वळसा घालतात, आभाळातल्या थरावर आपटून खालीही येतात. एफएम जवळपास सरळ रेषेत चालतं. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते, आणि सत्तरीत डोंगरांची कमी नाही. त्यावर तुमच्या घराच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी. खालच्या मजल्यावर आणखी काय येणार?

रेडिओ खिडकीच्या भोकाशी, पणजीच्या बाजूला ठेव. रबरी आखूड अँटेना स्क्रूची असेल तर ती फिरवून काढ आणि त्या जागी ७१ सेंटिमीटर वायर जोड. हा १०५.४ च्या लहरीचा बरोबर चौथा हिस्सा आहे. वायर उभी टांग, तिचं वरचं टोक मोकळं, सळीला न टेकणारं. विजा चमकत असतील तेव्हा स्लॅबवर वायर टांगायला जाऊ नकोस. मिडियम वेव्हसाठी मात्र या वायरीचा उपयोग नाही. त्याची अँटेना पेटीच्या आत फेराइटच्या दांडीवर गुंडाळलेली असते, म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू गोल फिरवायचा आणि आवाज मोठा होईल तिथे ठेवून द्यायचा.